गाडी थांबली की फोन

वकीलबाईंच्या बाहेरच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. मी, कुबड्या घेऊन बसलेली एक बाई आणि ज्याच्या ट्रकने तिला उडवलं तो ड्रायव्हर. त्याला साक्षीसाठी बोलावलं होतं. बोलायला सुरुवात त्यानेच केली.

"पाय कसा आहे, ताई?"

"आहे. माझं ऐकत नाही, इतकंच. तुमची कंपनी म्हणते, ड्रायव्हरला झोप घ्यायला सांगितलं होतं, त्यानेच घेतली नाही."

"झोपायलाच थांबलो होतो. पण गाडी थांबली की ऑफिसात कळतं. लगेच फोन आला, कुणाला विचारून थांबलास?"

"आणि निघालात."

"निघालो."

"हे कोर्टात सांगाल? त्याशिवाय माझी केस टिकणार नाही."

"सांगितलं तर पुन्हा कोणी मला गाडी देणार नाही. घरी खाणारी तोंडं आहेत, ताई."

"माझ्या घरचे काय, हवा खातात?"

तिने घसरणारी कुबडी भिंतीला टेकवली आणि पुन्हा विचारलं,

"फोन कोणी केला होता?"

"मालकाच्या मेहुण्याने."

वकीलबाईंनी दार उघडलं. "आधी कोण येतंय?"

"दोघंही. मी सांगतो ते ताईंसमोरच लिहून घ्या. पण जरा थांबा, त्यांना उठायला वेळ लागतो."