पाचपैकी पाच

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई थेंब घालून, डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर दोन तरुण बोलत होते.

“काल आईने पुन्हा पाचपैकी पाच दिले.”

“तिला कशाला कामाला लावलंस?”

“ब्राउझरमधून कॉल केला की आवाज कसा पोचतो, ते तपासायचं असतं ना? मी तीच चार वाक्यं वाचतो, मुद्दाम लाइन बिघडवतो, आणि ती गुण देते.”

“बिघडवली तरी पाच?”

“कायम! म्हणते, आज पाण्याखालून बोलल्यासारखा आलास, पण गोड आलास. पाच.”

“मग तुझ्या अहवालाचे तीनतेरा वाजले असतील.”

“म्हणून एकदा माइकच बंद करून वाचलं. एक अक्षर गेलं नाही तिच्याकडे.”

“मग?”

“मग म्हणाली, आज फार लांबून आलास. लहानपणी झोपेत बोलायचास ना, तसा. पाच.”

“अरे देवा! मग तिला चाचणीतून काढलंस की नाही?”

“चाचणी मागच्याच महिन्यात संपली रे.”

“आणि तिला सांगितलं नाहीस?”

“चार वाजले बघ. थांब, लावतोच.”

त्याने फोन लावला आणि तीच चार वाक्यं वाचायला लागला. तेवढ्यात नर्स आली. “मावशी, उघडा डोळे. तुमचा नंबर आला.”

“थांब गं जरा,” शिंपीणबाई डोळे न उघडताच हळूच म्हणाल्या, “त्याचं वाचून होऊ दे.”