कामाच्या वेळेत पाहिलेली स्थळं

हसू नका लेको, त्या दिवशी माही नोकरीच जात होती. अकोल्यात बियाणं कंपनीच्या ऑफिसात होतो मी. कम्प्युटरवर धाकट्या भावासाठी लग्नाची स्थळं पाहत बसलो की दुपार सरून जाये. भाऊ चांदूर बाजारले शेती करे, म्हणून त्याले कोणी पोरगी देत नव्हतं.

एक दिवस साहेबानं बोलावलं. मी कोणती साइट किती वेळ पाहिली, त्याची यादीच त्याच्या हातात.

"अंजनगावची पोरगी चार खेपा पाहिली तू. पुढं काय झालं?"

"तिले नोकरीवाला पाहिजे, साहेब."

"सगळ्याइलेच पाहिजे." साहेबानं उठून दार लावलं. "माह्या भावासाठीबी पाहून ठेवजो. तोबी शेतीच करते. माह्या कम्प्युटरवर हेड ऑफिसची नजर असते."