सोडायला काय राहिलं

माझं माहेर अमळनेरकडचं, लगीन झालं तशी सुरतला आले ती डिंडोलीतच, आता इथलीच म्हणा. मालक जवळच्या सचिन गावी कापड रंगवायच्या मिलमध्ये जातात आणि मी घरून टिफिन करते, लूमवर कापड विणणाऱ्या आपल्या खानदेशी पोरांचे, त्यांना इथलं गोड वरण गळ्याखाली उतरत नाही. शेवभाजी, भरीत, ठेचा, सगळं माझ्या हातचं, पण काय सांगू तुम्हाला, त्यातला घास माझ्या तोंडी नाही.

कारण माझं पोट. खाल्लं की कळ यायची, धावायचं, नाहीतर पोट फुगून दगड, दिवसच्या दिवस साफ नाही. लग्नाला जाणं सोडलं, बसमध्ये बसणं सोडलं. सासू म्हणायची, काय व्हयनं वं तुले, कोनी नजर लागनी का. शेवटी उधन्याच्या एका डॉक्टरांनी रक्त, सोनोग्राफी, सगळं तपासलं, सगळं चांगलं निघालं. ते म्हणाले, ताई, याला आयबीएस म्हणतात, आतडं हळवं झालंय, जिवाला भय नाही, खाणं सांभाळा. एकेक वस्तू बंद करायची, मग परत थोडी खाऊन बघायची, कशानं दुखतं ते आपलं आपल्याला कळतं.

तसंच केलं. दुधाचा चहा गेला, कांदा गेला, लसूण गेला, खानदेशी बाईनं कांद्या-लसणाशिवाय जेवायचं म्हणजे बघा तुम्ही, हिंगावर भागवलं. ज्वारीची भाकरी, भात, दोडका, मुगाची पातळ डाळ, एवढ्यावर पोट शांत झालं, अहो खरंच शांत झालं. भाच्याच्या लग्नाला बसनं गेले, खिडकीशी बसून, निवांत.

मग यंदा दिवाळीनंतर परत दुखायला लागलं. आता मात्र एकाच जागी, उजवीकडं खाली, खाल्लं तरी आणि न खाल्लं तरी. मला वाटलं जुनंच आहे, काहीतरी खाण्यात आलं असेल, म्हणून डाळ सोडली. मग भाकरी सोडली, नुसता भात. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, शेजारची गुजराती बेन म्हणे, केवी पातळी थई गई, किती बारीक झालीस, काय खातेस मला पण सांग. मी हसले. एक दिवस संडासात रक्त दिसलं, मीच ठरवलं मूळव्याध असेल, आणि भातही कमी केला.

मालक फार बोलणारे नाहीत. त्या दिवशी माझं ताट बघून म्हणाले, आता सोडायला काय राहिलं तुझं?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. त्यांनी काट्यावर दोनदा उभं केलं, मग पोट दाबता दाबता एका जागी त्यांचा हात थांबला. म्हणाले, हे खाण्याचं नाही ताई, त्या दुखण्यात वजन असं उतरत नाही, रक्त पडत नाही, लगेच यायचं होतं. माहेरी कुणाला पोटाचं काही होतं का? मी म्हटलं, वडील पोटानंच गेले, सुकत सुकत, आमच्या खेड्यात दुखण्याचं नाव कोण सांगतं. ते लिहीत राहिले.

आता गुरुवारी दुर्बिणीची तपासणी आहे. पोरगी म्हणते, मम्मी, कंई नथी, काही नाही निघणार, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही. डॉक्टरांनी घरचं माणूस बरोबर आणायला सांगितलंय, इतकी वर्षं एकटीच जात होते, कधी म्हणाले नव्हते. मालकांनी सुट्टी मागून घेतलीय. असो, जे निघेल ते निघेल, आपल्या हातात काय आहे. तुमचं पोट चांगलं आहे ना? मग बसा, भाकरी टाकते, देव तुमची भूक अशीच राखो.