घरचीच मुलगी

— मग लिहूनच घ्या ना. सकाळचे सव्वानऊ, ही वरची खोली, माझी शिकवणी, विषय इंग्रजी. खुर्ची घ्या मॅडम, उभ्यानं चौकशी करू नका, मला चोर असल्यासारखं वाटतं. आमच्या हिनं पोलिसांत जायचं काही कारण होतं? पोरगी रुसून मावशीकडे गेली असेल! — तिथे नाही? मग मैत्रिणीकडे असेल. जाते कुठे!

काय शिकवत होतो? तुलना. विशेषणं. टॉल, टॉलर, टॉलेस्ट — फळ्यावर लिहून पोरांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून मी तिघांना उंचीप्रमाणे उभं करतो, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. जन्मात विसरत नाहीत! खरी गोची पुढे — गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. ही नियमाला भीक न घालणारी विशेषणं, इथे माणसं लागतातच. 'बेस्ट'ला सगळे हात वर. 'वर्स्ट'ला कोण उभं राहणार — तुम्ही? एकदा एका डॉक्टरांच्या मुलाला उभं केलं तर बाप दारात, "सर, हे शिकायला पाठवतो का आम्ही?" मग? घरचीच मुलगी बरी. तक्रार कोण करणार? — अहो, तसं नव्हे! हसतखेळत, असं म्हणायचंय मला. ते लिहू नका.

रोज कशाला? हा धडा आला की. प्रत्येक तुकडीला. पाचवीत होती तेव्हापासून — सवय होती तिला! हाक मारायच्या आत स्वतःच पाटी अडकवून कडेला उभी राहायची. मग आजच काय बिनसलं? नेहमीचीच वाक्यं. 'धाकटी थोरलीइतकी हुशार नाही' — थोरली म्हणजे आमची मोठी मुलगी, हिची बहीण. मग तेच उलटवून — 'या खोलीतलं कुणीही धाकटीपेक्षा बरं.' अवघड साचा आहे हा, मॅडम, भलेभले चुकतात. पोरांनी एका सुरात म्हटला, एक चूक नाही! टाळ्या वाजवल्या मी. तर ही पाटी काढून टेबलावर ठेवते आणि चालायला लागते. भर तासात! मी काय तास टाकून मागे धावू? म्हटलं, भूक लागली की येईल.

फोटो? हे बघा, भिंतभर आहेत. ही पहिली आलेली, हा इंजिनिअर झाला, ही आमची थोरली. धाकटीचा — नसेल इथे. खाली तिच्या आईला विचारा.

आता या तुम्ही. संध्याकाळची तुकडी येईल, पोरांसमोर तमाशा नको. बोट लावलं का मी तिला? नाही ना? मग! — दाराबाहेर काय बघताय? चपला बाहेर काढायचा नियम आहे इथे. असतील कुणा पोराच्या... नाही, सकाळची पोरं सकाळीच गेली.

हो. निळ्या पट्ट्यांच्या. तिच्याच. म्हणजे... अनवाणीच गेली?