दलासा मावशीचा उरलेला डोळा

रोझिना : ऊठ, आई. आपण ब्रिस्बेनला जाऊ. डावा डोळा या डॉक्टरकडेच गेला, आता उजवाही हिच्याच हवाली करायचा?

दलासा : बस गं खाली. आपल्या बाडू बेटावरून विमानात बसल्यापासून तुझी टकळी चालू आहे. बोल, डॉक्टर पोरी. मला आता फक्त उजेड-अंधार कळतो.

डॉ. हॅलोरन : मावशी, हा मोतीबिंदूही डाव्यासारखाच आहे. पांढराफटक, आतून फुगलेला. भिंगावरचं आवरण ताणलंय. हातानं छेद द्यायला गेलं तर टर्रकन आडवं फाटू शकतं. म्हणून या वेळी लेझर. दोन-तीन सेकंदांत गोल छेद, ओढाताण नाही.

रोझिना : म्हणजे सगळं यंत्रच करणार?

डॉ. हॅलोरन : नाही. कडक झालेलं भिंग फोडून काढायचं ते माझ्याच हातांनी. आणि लेझरनं आवरण फाटणारच नाही, असंही मी म्हणणार नाही. धोका कमी होतो, एवढंच.

दलासा : दोन वर्षांपूर्वी, डाव्याच्या वेळी, हे यंत्र नव्हतं?

डॉ. हॅलोरन : मावशी, त्या वेळी—

रोझिना : सांगा ना.

डॉ. हॅलोरन : होतं. शेजारच्याच खोलीत.

रोझिना : काय?

डॉ. हॅलोरन : मला वाटलं, हातानं जमेल. शेकडो वेळा जमलं होतं. आवरण फाटलं, भिंग डोळ्याच्या तळाशी पडलं, नजर गेली. रुग्णालयाचे वकील म्हणाले, काही कबूल करू नका. मी गप्प राहिले. चुकलं माझं, मावशी.

रोझिना : आणि आम्ही समजत होतो, आईच्या मधुमेहानं झालं! तुम्ही समजू दिलंत! दोन वर्षं मी तिच्या ताटातला भात काढून घेतेय. वर ओरडतेय.

दलासा : मलाही वाटायचं, माझ्याच जिभेनं डोळा खाल्ला.

डॉ. हॅलोरन : मी ब्रिस्बेनला आत्ता फोन करते. सगळं खरं सांगते. तुम्ही तिकडे करून घ्या.

दलासा : तिथं कधी नंबर लागेल?

डॉ. हॅलोरन : दोन महिने तरी. एवढं थांबणं बरं नाही, पण—

दलासा : मग तूच कर.

रोझिना : आई!

दलासा : तिथला नवा माणूस म्हणेल, काही होणार नाही, मावशी. ही तसं म्हणाली नाही. ऐकलंस ना?

(शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉ. हॅलोरन पट्टी काढतात.)

डॉ. हॅलोरन : हळू उघडा. काय दिसतं?

दलासा : खिडकी. जरा धुरकट आहे... आणि तू. केवढीशी आहेस गं! जेवतेस की नाही?

रोझिना : तिचे लाड नकोत, आई. डाव्या डोळ्याची तक्रार मी करणार आहे.

डॉ. हॅलोरन : करा. माझं नाव पूर्ण लिहा.

रोझिना : आई, तुझं काय म्हणणं?

दलासा : लिही. अक्षर मोठं काढ. मी वाचून मगच सही करीन.