टिटवी कशाला ओरडती

उस्मानपुऱ्यात दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. भिंतीवरच्या स्पीकरमधून पाखरांचे आवाज येत होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाई एकदम काउंटरवरच्या मुलीवर कडाडल्या.

"ए पोरी, बंद कर ते!"

"आजी, पक्ष्यांचा आवाज आहे तो. पेशंटला शांत वाटावं म्हणून लावतो."

"शांत? टिटवी बोंबलायली ती! माझी जिंदगी मेंढरांमागं गेली, मला शिकवती व्हय?"

"टिटवी आहे का ती? मला तर ऐकायला छान वाटतं."

"छान कसलं डोंबलाचं! तिची अंडी उघड्या माळावर असत्यात. कुणी लई जवळ गेलं की ती असं ओरडती. असा आवाज आला की आमी सगळा कळप वळवून लांबून नेतो. मंग ती गप व्हती."

"पण आजी, हे रेकॉर्डिंग आहे. इथं कुठंयत अंडी?"

"इथं नाय गं. जिथं आवाज भरला तिथं. भरणारा तिथंच उभा असंल का नाय?"

"असेल…"

"मंग? शेवटाला तरी गप झाली का ती?"

"नाही. शेवटपर्यंत असाच आवाज आहे."

"किती येळ चालतंय हे?"

"एक तास."

"तासभर! तासभर ती जीव तोडून सांगायली, आन् त्यो मेला जागचा हलला नाय?"