शुक्रवारचा घाणा

निलंग्याहून लातूरला निघालेल्या एसटीत शिवकन्या कागदांची पिशवी घट्ट धरून बसली होती. लेकीचा बिश्केकमधला डॉक्टरकीचा प्रवेश रद्द करायचा, हे तिनं घरूनच ठरवून टाकलं होतं. पुढच्या बाकावर दोघीजणींचं बोलणं रंगात आलं होतं.

"वहिदाभाभी, तुमचा ताहेरबी किरगिझस्तानातच ना?"

"हाव, बिश्केकलाच. म्हणतो, अम्मी, जिकडं बघावं तिकडं बर्फाचे डोंगर."

"माझी पोरगी म्हणती, तिथल्या लोकांनी तीनदा सरकार पळवून लावलं. म्हटलं, बाई, तू आपला अभ्यास कर!"

"पण रत्नम्माताई, तुम्ही लिंगायत. तिथं तर घोड्याचं मटण खातात."

"तीच तर धास्ती होती. पण घरमालकीण म्हातारी लई गुणाची. एकुलता लेक रशियात मजुरीला, घरात ही एकटी. पोरीसाठी वेगळा तवा ठेवलाय, त्याला मटणाचा हात लागू देत न्हाई."

"या अल्ला, किती जपती!"

"दर शुक्रवारी शंकरपाळ्यावानी कायतरी तळती. तळणाचा वास गेलेल्या माणसाला पोचतो म्हणं. नवऱ्यासाठी करती. परवा पोरगी बोलून गेली, माझेबी अप्पा न्हाईत. तर म्हातारीनं पुढचा घाणा आमच्या मालकांच्या नावानं तेलात सोडला."

गाडी औशाला थांबली. मग शिवकन्येनं पुढं वाकून रत्नम्माच्या खांद्याला हात लावला.

"ताई, त्या म्हातारीकडं अजून एका पोरीपुरती जागा हाय का हो?"